सुभेदारांचा मंतर

सुभेदार पांढरेशुभ्र कपडे घालून ट्रकखाली शिरत. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, दोन्हीला कडक इस्त्री. बडोद्यात फतेगंजला लष्करी हद्दीच्या भिंतीला टेकून त्यांचं गॅरेज होतं. नवा माणूस आला की त्याला वाटे, हे मालकाचे व्याही असतील, मेकॅनिक आत कुठं तरी असेल. सुभेदारांचं म्हणणं असं, की काळे कपडे घालणाऱ्या मेकॅनिकच्या मनात पाप असतं. "डाग पडला तर दिसायला नको? कुठं गळतं ते कपडा सांगतो ने." ट्रकखालून बाहेर आले की ते उन्हात उभे राहत, सदरा काढून हातात धरत आणि वाचत. डाव्या खांद्यावर गिअरचं तेल, पाठीवर इंजिनाचं, कॉलरला डिझेल. तपासणी झाली. मग घरी जाऊन दुसरा सदरा घालून येत आणि कामाला लागत. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मला एकदा सांगितलं, की कुठल्या गाडीचं काय गळतं ते धुण्यावरून त्यांनाच जास्त कळतं, फक्त कुणी विचारत नाही.

ते सुभेदार नव्हतेच. पणजोबा संस्थानच्या पागेत होते, पण तिथं सुभेदार होते की घोड्यांना चंदी घालत होते याबद्दल घरातच दोन मतं होती. वडील मात्र दप्तरखान्यात नक्कलनवीस होते हे पक्कं. पणजोबांची तलवार चुलत घराण्याकडे गेली, यांच्या वाट्याला मोडी लिपी आली. वडिलांनी ती छडीनं शिकवली. त्यामुळे सुभेदार मोडी झरझर लिहीत आणि बाळबोध अक्षरं काढायची वेळ आली की पहिलीतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढून, एकेक दांडी तपासत लिहीत. गॅरेजच्या पाटीवर 'पंक्चर होणार नाही' असं तीन शब्दांचं वाक्य होतं, ते त्यांनी अर्धा दिवस रंगवलं होतं.

गिऱ्हाइकाला बोलू द्यायचं नाही हा दुसरा नियम. "काय होतंय ते तुम्ही नका सांगू. गाडीला बोलू द्या." मग इंजिन चालू करून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उकिडवं बसायचं. मधेच कुणाचा मोबाइल वाजला तर इंजिन बंद. पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा शिंकले होते, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी ती शिंक परत घेतली असती.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे मंतर. कुठलंही इंजिन खोलून पुन्हा जोडलं, की इंजिनाच्या माथ्यावरचं, टॅपेटवरचं पत्र्याचं कव्हर बंद करण्याआधी सुभेदार त्याच्या आतल्या बाजूला टोच्यानं एक-दोन ओळी कोरून ठेवत. मोडीत. काय लिहिलं ते कधी कुणाला सांगत नसत. गाड्या विकल्या जात, मोडीत निघत, इंजिनं हायवेवरच्या भंगारबाजारात येऊन पडत, आणि तिथले लोक कव्हर उघडून बघत तर आत हे वेलबुट्टीसारखं काहीतरी. बडोद्यातल्या सगळ्या भंगारवाल्यांची खात्री पटली की हा मंत्र आहे. मंतरलेलं इंजिन चढ्या भावानं जाऊ लागलं. एकानं तर नकली मंतरही कोरून पाहिला. सुभेदारांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाले, "यात कुणीतरी 'ळ' काढायचा प्रयत्न केलाय. चांगला आलाय." मंतर नाही, असं मात्र ते कधीच म्हणाले नाहीत. हो असंही म्हणाले नाहीत. त्यांच्या गप्प राहण्यावर लोकांची श्रद्धा बसली होती, आणि त्या लोकांत मीही होते.

आमचा सहाचाकी ट्रक मी शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे जायचा. बाबा पादरा गावाहून भाजी भरून भरूचच्या मार्केटला नेत. मी कॉलेजात असताना बाबांनी मला ट्रक शिकवला, गंमत म्हणून. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि गंमत कामाला आली. सयाजीगंजमधल्या एका क्लासच्या कौंटरवर बसून मी मुलांना फॉर्म देत होते, ते सोडलं आणि ट्रकवर बसले. नाक्यावर पोलीस विचारायचे, "ड्रायव्हर क्यां छे?" मी सांगायची, "तो जेवायला गेलाय, तोवर मी चालवते."

ज्या दिवशी चावी माझ्या हातात आली त्या दिवसापासून सुभेदारांनी मला 'तू' म्हणणं बंद केलं. मी फ्रॉक घालून त्यांच्या पान्यांशी खेळले होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. "या मालक. चा घेणार?" टिंगल म्हणाल तर चेहऱ्यावर काही नसे. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, मालक आणि मेकॅनिक, आणि मी जात बदलली होती.

चौथ्या महिन्यात इंजिन गेलं. आधी निळा धूर, मग पुलाच्या चढावर सायकलवाले पुढे जाऊ लागले, मग डिझेलपेक्षा ऑइल जास्त पिऊ लागलं आणि शेवटी पादऱ्याच्या अलीकडे टोमॅटोच्या क्रेटांसकट ठाण मांडून बसलं. सुभेदारांनी ते उतरवलं, खोललं, सिलिंडरमधे बोट फिरवलं. "दोनदा घासून बोअर झालंय. तिसऱ्यांदा केलं तर इंजिन नाही, डबा राहील. भंगारातून दुसरं आणा."

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं, की बाईनं इंजिन मारलं. माझे चुलते घरी आले आणि बाबांच्या खाटेशी बसून हेच जरा सभ्य शब्दांत बोलले. ट्रकला गिऱ्हाईकही त्यांनी बघूनच ठेवलं होतं. बाबा जड जिभेनं म्हणाले, "माझ्या हातात अकरा वर्षं चाललं." एवढंच. त्यांनी शिवी दिली असती तर मी भांडले असते. या वाक्याशी भांडता येईना.

पादऱ्याच्या दलालानं मला दहा दिवस दिले. दहाव्या दिवशी ट्रक दारात उभा राहिला तर माल माझा, नाही तर दुसऱ्याचा. चुलते म्हणाले, ठीक आहे, दहा दिवस आम्हीही थांबतो, मग विकून टाकू. बाबांनी मान हलवली. ती मान हो म्हणत होती.

मी सुभेदारांकडे गेले. म्हटलं, "काका, तुम्ही घरी चला आणि बाबांना एकदा सांगा, चार महिन्यांत इंजिन असं झिजत नाही. माझी चूक नाही एवढं सांगा."

"इंजिन मेलं, मालक," ते म्हणाले. "कुणी मारलं ते बघायचं काम पोलिसांचं."

"पण तुम्हाला माहीत आहे ना?"

"मी मेकॅनिक आहे. साक्षीदार नाही."

मला इतका राग आला की त्यांचा तो पांढरा सदरा धरून ऑइलच्या डब्यात बुडवावा असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच बरोबर भंगारबाजारात गेले, कारण त्यांच्याशिवाय तिथं जाणं म्हणजे आपणहून लुबाडून घेणं.

इथं त्यांचा चौथा नियम आडवा आला. इंजिन मालकानं निवडायचं. सुभेदार बरोबर येत, विचारलं तर उत्तर देत, पण हे घ्या असं मेले तरी म्हणत नसत. "स्वतः निवडलेल्या गोष्टीला माणूस सांभाळतो. दुसऱ्यानं निवडली की शिव्या घालतो. आपण कशाला खोटं, फुकटचं कुणाचं नाव खराब करायचं?" हा नियम इंजिनापुरता नव्हता. चहाच्या टपरीवर पाहुण्याला बिस्कीटसुद्धा ते निवडून देत नसत, बरणी पुढे ठेवून भिंतीकडे बघत बसत.

भंगारवाल्या शेठनं आमच्या गाडीला बसतील अशी तीन इंजिनं दाखवली. पहिलं गंजलेलं. दुसरं काळंमिचकूट, धुळीनं माखलेलं, एका मोडीत काढलेल्या बसमधून आलेलं. तिसऱ्याचं कव्हर शेठनं देवघराचा पडदा सारावा तसं उचललं. आत मोडीच्या दोन ओळी.

"सुभेदारनो मंतर छे, बेन. आंख मींचीने लई जाव."

सुभेदार वाकले. ओळी वाचल्या. उभे राहिले. "हे नको," म्हणाले.

"का? तुमच्याच हातचं आहे ना?"

"माझ्याच हातचं आहे. नको."

शेठचा चेहरा पडला. म्हणाला, सुभेदार स्वतःच्याच मालाला खोटं पाडतात, आता आम्ही धंदा कसा करायचा. मी पुन्हा विचारलं, का नको. सुभेदार भंगाराच्या ढिगाकडे बघत राहिले. मला वाटलं, म्हातारा अडून बसलाय. आपलं काम विकत घेतलं जातंय याचा संकोच असेल, नाही तर मी बाई म्हणून चांगली वस्तू माझ्या हाती द्यायला जिवावर आलं असेल. त्या दिवसांत मला सगळ्यांच्या मनात हेच दिसायचं. मी म्हटलं, "इंजिन मालकानं निवडायचं ना? मी हे निवडलं."

"नको," ते तिसऱ्यांदा म्हणाले. पण माझ्या तोंडी त्यांचाच नियम होता, आणि नियमापुढे सुभेदार लष्करी माणसासारखे वागत. साखळी-कप्पी मागवली आणि इंजिन उचललं.

पाच दिवस ते त्यावर राबले. नवं गॅस्केट, नव्या रिंगा, नळ्या बदलल्या, रेडिएटर धुऊन आणला. इतकं जपून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रोज ब्लॉकच्या एका बाजूला हात ठेवून थोडा वेळ उभे राहत. मला वाटे, आशीर्वाद देतायत.

सहाव्या दिवशी ट्रायलला आम्ही पादऱ्याच्या रस्त्याला लागलो. मी चालवत होते, ते शेजारी बसले होते. निम्म्या वाटेत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. गाडी कडेला घेतली. त्यांनी डिपस्टिक ओढून माझ्यापुढे धरली. ऑइलचा दुधाळ चहा झाला होता. रेडिएटरचं पाणी ऑइलमधे उतरलं होतं, म्हणजे ब्लॉकला कुठं तरी तडा होता, एवढं मलाही कळत होतं.

मग त्यांनी चष्मा लावला, पाना काढला आणि भर रस्त्यात टॅपेट कव्हर खोललं. ते उजेडाकडे धरलं आणि मोठ्यानं वाचलं. अडखळत वाचलं, कारण लिहिलेलं मोठ्यानं वाचायची त्यांना सवयच नव्हती.

"ब्लॉकला तडा. वेल्डिंग केले आहे. दोन पावसाळे जातील. मालकास सांगितले. मालक हसला."

मी विचारलं, "हा मंतर?"

"मी मंतर कधी म्हटलं?"

"आणि हे तुम्ही मला बाजारात सांगितलं नाही?"

"तीनदा नको म्हटलं."

"का नको ते नाही म्हटलं."

"का ते आत लिहिलेलं होतं ने."

"काका, ते वाचता कुणाला येतं?"

"मला," ते म्हणाले.

मग, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. वडील दप्तरखान्यात मोठमोठ्या घरांची कागदपत्रं उतरवून काढत. कुणी कुणाला फसवलं, कुणाचं पोर कुणाचं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. ते म्हणायचे, खरं आहे ते लिहून ठेवावं, पण ज्याच्या मनाला लागेल त्याला वाचून दाखवू नये. मुलानं ते इंजिनांना लावलं. म्हणजे इतकी वर्षं बडोद्यातले लोक 'क्रँक वाकडा आहे' आणि 'पिस्टन नकली आहेत' असल्या ओळींना हात जोडून जादा भाव देत होते. मला हसू येत होतं, पण मी तेव्हा रडत होते, त्यामुळे ते राहून गेलं.

एकदम आठवलं म्हणून मी विचारलं, "आणि आमच्या जुन्या इंजिनात काय लिहिलंय?"

"ते नाही वाचणार."

"का?"

"तुझे बाबा आजारी आहेत," सुभेदार म्हणाले. चावी हातात आल्यानंतर त्यांनी मला 'तू' म्हटलं ते तेवढंच.

सातव्या दिवशी सकाळी मी गॅरेजवर गेले तर सुभेदार नव्हते. काकू म्हणाल्या, उजाडताच इस्त्रीचे कपडे घालून गेलेत, मला म्हणाले हमणा, आत्ताच येतो. दहा वाजता एका टेम्पोतून ते आले. टेम्पोत ते बसमधलं काळंमिचकूट इंजिन होतं. माझं इंजिन परत देऊन बदल्यात आणलं होतं. शेठशी काय बोलणं झालं ते आजवर कुणाला कळलेलं नाही, पण त्यानंतर वर्षभर शेठ त्यांना बघून दुकानात आत जायचा.

"हे कुणी निवडलं?" मी विचारलं.

"आलंय ते," ते म्हणाले आणि सदरा सावरून खाली शिरले.

तीन दिवस, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. रिंच मला धरायला दिला, बोल्ट मला आवळायला दिले. एकदाही मालक म्हणून बसवून ठेवलं नाही. नवव्या दिवशी फक्त टॅपेट कव्हर तेवढं बसायचं राहिलं, तर ते कागदात गुंडाळून घरी घेऊन गेले. दहाव्या दिवशी सकाळी परत आणलं. मला म्हणाले, "मालक, चा घेऊन या."

"हातात आहे तो काय आहे?" त्यांच्या हातात वाफाळती बशी होती.

"दुसरा आणा."

मी चहा घेऊन आले तोवर कव्हर बसलेलं होतं, बोल्ट आवळलेले होते. दुपारी बारा वाजता मी पादऱ्याला दलालाच्या दारात हॉर्न वाजवला. चुलत्यांनी आणलेलं गिऱ्हाईक परत गेलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते खिडकीकडे बघत म्हणाले, "बघू किती टिकतं."

टिकलं. आठ वर्षं झाली, अजून तेच इंजिन आहे. टॅपेटचं सेटिंग सुभेदार स्वतः कव्हर उघडून करत आणि दर वेळी मला चहाला पिटाळत. मला वाटायचं, चहाचं व्यसन वाढलंय.

आमच्या जुन्या इंजिनाचं कव्हर मी भंगारात दिलं नव्हतं. माळ्यावर ठेवलं होतं. एका हिवाळ्यात रविवारचा मोडीचा वर्ग लावला. तिथं सगळे संशोधक होते, जुन्या सनदा वाचायला आलेले. मास्तरांनी विचारलं, तुम्हाला कुठले कागद वाचायचे आहेत? मी म्हटलं, ट्रकचे. दोन महिन्यांनी मी माळ्यावर चढले आणि बोटानं अक्षरं लावत वाचलं. "मालक दीडपट माल भरतो. सांगून ऐकत नाही. पाच वर्षे."

पाच वर्षांचं इंजिन बाबांनी अकरा वर्षं ओढलं होतं आणि शेवटचे चार महिने माझ्या नावावर लागले होते. दिवसभर मी बाबांशी बोलले नाही. संध्याकाळी त्यांना खिचडी भरवताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून ती नेहमीसारखी ओघळली, मी पुसली, आणि मग राग कुठं ठेवावा ते कळेना. कव्हर परत माळ्यावर ठेवलं.

सुभेदार मागच्या वर्षी गेले. झोपेतच. काकूंनी त्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यावर एकही डाग नव्हता, त्यामुळे काय बिघडलं होतं ते कळायला काही मार्गच नव्हता. मी गाडी बाहेर उभी करून आत गेले होते. मला फार एकटं वाटलं. मी सख्ख्या माणसांसाठीही इतकी रडलेली नाही.

नंतर टॅपेट वाजायला लागले तेव्हा मी नवा मेकॅनिक शोधला. तो काळे कपडे घालतो, पण काम बरं करतो. मी टपरीवर चहा पीत होते, कुणी पिटाळलं नसताना. त्यानं कव्हर उघडलं आणि गाडीपासूनच हाक मारली, "बेन, अंदर सुभेदारनो मंतर छे. पण आ तो वंचाय एवो छे."

खरंच, वाचता येईल असा होता. बाळबोध होता. अक्षरं वेडीवाकडी, एकेक दांडी तपासून कोरलेली, एका ठिकाणी टोच्या घसरलेला. घरी नेऊन रात्रभर बसले असतील.

"हे इंजिन मी निवडले आहे. बिघडल्यास मालकिणीस बोल लावू नये."

मी फोटो काढला. घरी येऊन बाबांच्या पुढे मोबाइल धरला. त्यांनी दोनदा वाचलं. ओठ हलले, पण शब्द यायला वेळ लागला.

"अक्षर त्याचंच," बाबा म्हणाले. मग डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि झटक्यानंतर ते कधीही येतं, त्यामुळे त्याचा अर्थ लावायचा नाही असं आम्ही घरात ठरवलेलं आहे. त्या दिवशी मी लावला.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आणि आपल्या जुन्या इंजिनात काय लिहिलं होतं त्यानं?"

"ते मोडीत होतं, बाबा," मी म्हटलं. "मला कुठं वाचता येतं."